हातचा एक

शनिवारी अकोटहून निघताना
मी बारा टॅबलेट मोजून घेते,
दोन चार्जर, एक जुनं फडकं,
आणि माझी पाण्याची बाटली,
कारण नव्या गावातलं पाणी खारं.
नव्या गावाचं नाव जुनंच आहे.
फलकावर त्याच्यापुढे फक्त एक शब्द वाढलाय: पुनर्वसित.

लेकरं एकोणीस.
एका टॅबलेटची काच तडकलेली,
तिच्यातून सात आकडा दोनदा दिसतो.
तोच सगळ्यांना हवा असतो.

आतली बाई गोड बोलते.
धुतलेलं, इस्त्री केलेलं मराठी.
चला मुलांनो, ओळखा पाहू!
सानू बेठेकर विचारतो, ही बाई कोण्या गावची?
पुण्याची असेल.
तिले खारं पानी प्या लागते का?
नाही.
मंग बराबर. म्हनून आवाज साफ हाय.

क कमळाचा.
कमळ कुणी पाहिलेलं नाही.
ट ट्रकचा.
तो पाहिलाय. घरं त्यातूनच आली,
वासे, कवेलू, कोंबड्यांची डालगी, एक आजारी बकरी.
व वाघाचा.
पिवळा वाघ शेपूट हलवतो,
बोट लावलं की डरकाळी फोडतो.
कुला! कुला! सगळे एकदम ओरडतात.
सानू त्याला सतरा वेळा डरकाळी फोडायला लावतो.
कापूस वेचून आलेली त्याची आई दारात थांबते,
वाघाकडे बघते,
जसं बघावं आपल्या घरात राहायला गेलेल्या माणसाकडे:
राग नाही,
छप्पर नीट ठेवलंय ना, एवढंच.

मोजता त्यांना आधीपासून येतं.
मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई,
तोंडाच्या पुढे बोटं धावतात.
पण बाईला ते ऐकू येत नाही.
तीन ठिपके लुकलुकवत ती थांबून राहते,
कुणीतरी 'एक' म्हणेपर्यंत.

त्या दिवशी हातच्याची बेरीज होती.
आठ आणि पाच तेरा, तेराचे तीन,
हातचा एक.
बुदायनं मूठ उघडून तळवा पाहिला.
मी हसले.

शेवटी, स्वतःचं गणित बनवा.
बुदाय कासदेकर, वय नऊ,
जिभेचं टोक ओठावर ठेवून
एकेक अक्षर दाबते:
गावात बेचाळीस घरे होती.
बेचाळीस घरे उठली.
किती उरले?

मी मागे उभी.
उत्तराच्या चौकोनात ती लिहिते, १.
पुन्हा प्रयत्न कर!
१.
पुन्हा प्रयत्न कर!
बोट फ्रॉकला पुसते, जणू चूक बोटाची,
आणि लिहिते
१.

कावून वं, एक कसा?
ती मान वर करत नाही.
मुठवा हाय ना तिथं.
मग, मला काहीच कळत नाही असं वाटून,
दगडाचा देव. ट्रकात नाही चढत.

आता बाई मदतीला येते.
बेचाळीस इवली घरं काढते, लाल छपरांची,
आणि एकेक पुसत जाते, टिंग,
टिंग,
बुदाय शेवटच्या टिंगपर्यंत बघते.
मग कोऱ्या पडद्यावर,
मधोमध नाही, जरा उगवतीकडे,
बोट टेकवून धरते. इथं.
पडद्यावर काहीच होत नाही.
पडद्याला वाटतं, चुकून लागलं असेल.

नेटवर्क आलं की अहवाल आपोआप जातो.
बेरीज: उत्तम.
वजाबाकी: सरावाची गरज.
तो थांबवायचं बटण मला सापडत नाही,
खरं तर मी शोधतही नाही, घाई असते,
साडेपाचची एसटी चुकली की मग थेट रात्री.

बारा मोजते. काचा पुसायच्या म्हणून
फडकं ओलं करायला बाटली उचलते
तर रिकामी.
हातपंपाच्या पलीकडून
तोंड पुसत सानू बेठेकर
अगदी पुण्याच्या बाईच्या आवाजात ओरडतो,
शाब्बास!