पुढची ओळ

कारंज्याच्या अलीकडचं ठेसन,
दिवसाला एक गाडी, तीही तिच्या मनात आलं तर.
बाबा तिथं मास्तर : एलिझर झिराडकर.
गावाला वाटे, कोकणातले ख्रिस्ती असतील.

झिंगुजी फाटकवाला मस्टरवर अंगठा लावायचा
आणि मालडब्यांचे नंबर तोंडपाठ सांगायचा,
मागच्या पोळ्यापासूनचे.

शुक्रवारी गाडी गेली की आई तेलाची वात लावी.
बाबा पुस्तक उघडत, उजवीकडून डावीकडे.
पायरीवर झिंगुजी,
बिडी विझवून कानामागे खोचलेली.

एकदा त्यानं विचारलं,
"मास्तर, तुमचा तो मेंढरं चारनारा देवमानूस,
त्याले लिवता येत होतं काय?"

बाबांनी चष्मा पुसला. वेळ घेतला.
"नसावं. सांगता येत नाही.
गावात एखादाच वाचणारा असे तेव्हा,
शंभरात दोघे-चौघे, असं म्हणतात.
तो मोठ्यानं वाची, बाकीचे ऐकत,
आणि आपापल्या वाट्याचं
डोक्यात बांधून घरी नेत."

"भुईमुगावानी," झिंगुजी म्हणाला.
"अन् तुमाले समजते काय, जे वाचता ते?"

बाबा खोटं बोलत नसत.
"अक्षर येतं. अर्थ आजोबांपाशीच राहिला."

त्याच्या पुढल्या, का त्याच्याही पुढल्या शुक्रवारी
वात फडफडली आणि गेली.
शब्बाथ लागला की आमच्यात विस्तवाला हात लावत नाहीत.
बाबा ओळीच्या मधोमध,
बोट पानावर, पान अंधारात.

झिंगुजीच्या हातात काडीपेटी खुळखुळली.
त्याला चालत होतं, शब्बाथ त्याचा नव्हता.
काडी ओढली नाही त्यानं.
पुढची ओळ म्हटली.
मग तिच्या पुढची.

अकरा वर्षं पायरीवर बसून साठलेलं,
डब्यांच्या नंबरांसारखं सलग.
आणि घशातला तो अवघड खकार,
बाबांना जन्मात न जमलेला,
त्यानं बैल हाकताना काढतात तसा काढला.

आई हसली की रडली, कळलं नाही.
बाबांनी पुस्तक मिटल्याचा आवाज आला.
"मग?" म्हणाले.
"पुढं काय येतं, झिंगुजी?"

एक तारखेला मस्टर निघालं.
शाई, अंगठा, नेहमीचा निळा ठिपका.
फक्त बाबांनी स्वतःचा पांढरा रुमाल काढला
आणि त्याचा अंगठा पुसला,
सावकाश, एकेक रेघ.

आई ओरडली मागून,
ही शाई निघत नसते म्हणून.