बघूया की

वीस वर्षं खडेबाजारात गादीवर बसलो.
लोक म्हणतात साड्या विकल्या. मी चेहरे वाचले.
गोकाकची बाई 'नोडोणरी' म्हणाली की समजायचं, नको.
चंदगडची 'बघूया की' म्हणाली की समजायचं, नको,
पण नवऱ्याकडं एक नजर टाकून म्हणाली
तर पुढच्या सोमवारी येणार, एकटी,
हीच मागणार, मोरपंखी, बारीक काठाची.
मी ती खालच्या फळीत दडवून ठेवायचो.
हे कुणी शिकवलं नव्हतं. कन्नडही नव्हतं शिकवलं कुणी.

परवा एक बाई म्हणाली, बघूया की.
मी म्हटलं, बघूया,
आणि एकोणीस साड्या उलगडल्या.
विसावीला हात घातला तेव्हा इराण्णानं मनगट धरलं.
बाई केव्हाच उठली होती म्हणे.
चपला घालताना तिचं तोंड कसं झालं होतं
ते त्यानं मला करून दाखवलं.
मला इराण्णाचंच तोंड दिसलं.
नाक, मिशी, पानानं रंगलेले दात.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली.
करड्या पोतावर पांढरे ठिपके, सतरा मोजले मी.
असा माल आला तर आम्ही वेगळा काढतो,
सूट लावून दिवाळीआधी संपवतो.
त्या म्हणाल्या, नसांवरचं वेष्टण जातंय,
विजेच्या तारेवर असतं ना, तसलं.
मी वडगावचा, मागाच्या घरातला. मला तार नाही कळली, जर कळली.
रेशमावर गुंडाळलेली जर उसवते,
आतला धागा शाबूत असतो बराच काळ,
फक्त त्याच्यावरून उजेड पुढं जात नाही.
पाय जड होतात, डावा डोळा मध्येच धुरकटतो,
ते कागदावर लिहिलं होतं.
माणसं कळेनाशी होतात, हे मी विचारलं.
होतं काहींना, म्हणाल्या.
म्हणताना त्यांना वाईट वाटत होतं का, सांगता येणार नाही.

गल्लीत म्हणतात, शिष्ट झाला.
मेव्हण्याच्या तेराव्याला कुणीतरी कानाशी काही बोललं,
मी मोठ्यानं हसलो.
विनोद होता का टोमणा, अजून ठाऊक नाही.
हातात काठी असली तर लोक सरकून जागा देतात.
ह्याला काठी कुठली?

रत्नमालेनं मग नियम केला,
वाटेल ते तोंडानं सांगायचं.
"मी रागावलोय."
"मी दमलोय, रागावलो नाही."
"आता रडायलोय. तुझ्यामुळं नाही. कांदा बी नाही."
पाट्यांवरून भांडणाऱ्या ह्या गावात
आमच्या घरात माणसांनाच पाट्या लागल्या, ठळक.
थोरली लाजते.
मैत्रिणी आल्या की आपली उतरवून ठेवते.

शब्दावर विश्वास ठेवायचं काम
सगळ्यांनी कधीच सोडलंय.
ते माझ्या अंगावर पडलं.

काल रात्री भांडी पालथी घालून ती उंबऱ्यावर बसली.
काय झालं?
काही नाही.
पूर्वी हिच्या 'काही नाही'चे मला निदान बारा रंग माहीत होते,
घडी न मोडता, नुसत्या काठावरून सांगायचो.
म्हटलं, काही नाही म्हणजे कुठलं?
तिनं तोंडावर पदर धरला. खांदे हलले.
हसायलीस का रडायलीस?
बराच वेळ नळ तेवढा बादलीत ठिबकत होता.
"थांब जरा," म्हणाली,
"मलाच बघू दे."