बारा नंबरचा बोल्ट

सायलेन्सरचा खालचा बोल्ट
तीन रविवार झाले, हलत नाही.
पहिल्या रविवारी रॉकेल पाजलं.
दुसऱ्या रविवारी पाना सटकला,
बोटांची सालं निघाली,
बोल्टाचे कोपरे गेले ते वेगळेच.

आज सिडकोतल्या या अडीच फुटी ओट्यावर
निफाडकडचा गारठा अंगावर घेत
मी मांडी घालून बसलेय
आणि शिव्या घालतेय वडाळा नाक्यावरच्या शफीकला:
मेल्या, एवढं आवळतात का?

भिंतीपलीकडून गांगुर्डे नाना,
सातपूरला अठ्ठावीस वर्षं फिटर,
आता कुंड्यांना पाणी घालतात.
व्हाइस ग्रिप पुढे करत म्हणाले, सोडवू नकोस.
आधी आवळ. केसभर.
गंजाला वाटू दे, आपल्याच बाजूनं चाललीय.

भोवतीचं लोखंड तापवलं,
मेणबत्ती टेकवली, मेण आत प्यायलं.
हातोडीच्या चार टिचक्या. घाव नाहीत, टिचक्या.
मग आवळला.

कट्.

दूधवाल्याच्या हॉर्नमध्ये
सहज हरवला असता एवढासा आवाज,
मनगटाला मात्र कळला.

मग उलटा. आटा आटा करत
तांबडी पूड सांडत आला बाहेर.

त्याच्या गळ्यात वॉशर:
रंगाच्या डब्याचा पत्रा,
कात्रीनं कापलेला, वाकडा,
एका कडेला अजून पिवळा.
आमच्या दाराचा पिवळा.

शफीककडे असले वॉशर नसतात.

निघाला का गं, नाना विचारत होते.
निघाला, म्हटलं,
आणि वॉशर खिशात टाकला.