नाला, नाळे

वॉर्ड समितीचे अर्ज निघाले त्या आठवड्यात
वडगावातल्या माझ्या झेरॉक्सच्या टपरीत
टोनर दोनदा संपला.
पगार नाही, गाडी नाही, पाटीसुद्धा नाही.
चार शब्द सुचवायचे, वर पाठवायचे,
वरच्यांनी मानले तर मानले.
तरी जागा दहा
आणि एकट्या माझ्या हातून एकतीस अर्ज गेले.

अर्ज कन्नडमध्ये.
मी विचारते मराठीत, लिहिते कन्नडमध्ये,
मधल्या मधे काय सांडतं
ते पुसून घेणारी मीच.

भरमाण्णा कंग्राळकर पहिले आले.
अडतीस वर्षं गल्लोगल्ली पाणी सोडलेला माणूस
'अनुभव' ऐकल्यावर गप्प.
मग सायकलला बांधलेली व्हॉल्व्हची किल्ली सोडून
आडवी ठेवली काउंटरवर, गंजासकट.
"हेच लिही की."
किल्लीला कन्नडमध्ये काय म्हणतात हे मला येतं.
अडतीस वर्षांना नाही आलं.

शमशाद मुल्लांना पाहिजे एक दिवा,
अंगणवाडीच्या वळणावरचा. दुसरं काही नाही.
कल्मेश मागावरून तसाच उठून आला,
भुवयांवर सुताची पांढरी लव,
यंत्राच्या वरताण बोलायची सवय,
रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असा ओरडला,
"हे गुपचूप लिही हं!"

यल्लूबाई सकाळी, शेवंता दुपारी.
जावा. घर एक, चुली दोन.
दोघींनी बजावलं, तिला सांगू नकोस.
पत्त्याच्या ओळी मी दोनदा लिहिल्या,
एकाच नंबरच्या.

मातृभाषेच्या रकान्याशी
जो तो थोडा थांबायचा.
बाहेर बघायचा, चपलेतला खडा काढायचा.
कुणी म्हणायचं, आहे ती लिही.
कुणी म्हणायचं, मोकळं सोडलं तर चालतंय काय?
भरमाण्णा म्हणाले,
"कारकुनाची जी असंल ती."

शेवटच्या दिवशी गुंडू मास्तर निलजकर.
सात वर्षांच्या तक्रारी, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या,
कागदांच्या खालच्या कडेला एकसारखी तपकिरी रेघ:
पुराचं पाणी कपाटात तिथवर चढलेलं.
"मी खिडकीशी जाऊन म्हणायचा, नाला.
आतला म्हणायचा, नाळे.
आपला नाला म्हंजे घाण पाणी,
त्यांचं नाळे म्हंजे उद्या.
सात वर्षं, पोरी,
दोघंही खरंच बोलत होतो."
हसले. मीही हसले.
मग त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ.

यादी लागली फाटकाला.
वाचून दाखवायला मलाच नेलं.
दहातली सात नावं कुणाची, कुणालाच ठाऊक नव्हतं.
आठवं होतं, शेवंता हुंदरे.
मास्तर नव्हते. भरमाण्णा नव्हते.
"नीट बघ की, खाली असंल," ते म्हणाले.
खाली शिक्का होता.

संध्याकाळी मास्तरांनी पिशवी आणून
शेवंताच्या ओट्यावर ठेवली,
चहासुद्धा न घेता गेले.
ती तशीच उचलून माझ्याकडं आली.
"बैठक कवा हाय?"
मी चिठ्ठी वाचली. नाळे.
ती दचकली. "पुन्हा?"
"नाही ओ. खरंच उद्या."

मग तिनं विचारलं,
नाल्याला तिकडं काय म्हणायचं,
म्हंजे त्यांना दुसरं काही ऐकू येणार नाही.
मी सांगितलं, चरंडी.
ती म्हणू लागली. सरंडी. चारंडी.
जीभ रुळेना.
इतक्यात दळणाचा डबा कमरेवर घेऊन
यल्लूबाई दारात. माहेर बैलहोंगलचं.
कधीपासून उभी होती, देव जाणे.
डबा खाली ठेवला नाही,
जावेच्या तोंडाकडं बघितलं नाही,
नुसतं म्हणाली,
"च. चमच्यातला च.
आन् घाबरल्यागत नको म्हणूस."