दुसरी पाळी

माग आला तेव्हा एमआयडीसीत पारा सेहेचाळीसला टेकला होता.
ट्रेलरची साखळीसुद्धा हाताला चटका देत होती.
शेठ म्हणाले, जॉर्जियातला आहे, गालिच्यांच्या गिरणीतला,
गिरणी बसली, किलोच्या भावात मिळाला.
तिथे गालिचे विणायचा,
जळगावात चटया विणेल.

युनूस पिंजारीने त्याच्याभोवती एक फेरी मारली,
बाजारात बैल पाहतात तशी. दात, खूर, वशिंड.
त्याच्या आज्याच्या खांद्यावर पिंजणाची कमान असायची.
चोपड्यापासून यावलपर्यंत पायी,
लोकांच्या गाद्यांमधला कापूस मोकळा करत.
युनूस त्यावर बोलत नाही. एकदाच म्हणाला,
तार घरमा शे अजून. आवाज गया.

डावं झाकण उघडलं तर आत
पिवळी पडलेली चिकटपट्टी, वर शाईने काहीतरी.
जोडून लिहिलेलं इंग्रजी, मला लागेना.
फोटो काढून युनूसच्या पोरीला पाठवला,
नर्गिस भुसावळला नर्सिंग शिकते.
चहाच्या सुटीत उत्तर आलं:

जेवणाआधी हिला सावकाश चालव.
डावा बोल्ट ढिला होतो.
शिव्या दे, लाथ मारू नकोस.
लोरेटा, दुसरी पाळी.

आम्ही हसलो.
मग बोल्ट पाहिला. ढिला होता.

माग बसवायला आलेला माणूस सांगत होता,
तिकडे एका तासाला जेवढं मिळतं
तेवढ्यासाठी तुम्ही तीन दिवस घासता.
युनूस म्हणाला, आणि गिरणी बसल्यावर
त्या तासाचं काय झालं?
माणूस मोबाईल पाहू लागला.

लोरेटा आता काय करते, मला माहीत नाही.
काळी की गोरी, घर स्वतःचं की भाड्याचं.
माझा भाचा चाकणला गोदामात आहे,
हातात स्कॅनर, खोकी शोधत दिवसभर चालतो,
मुतायला थांबला तरी स्क्रीन लाल होते.
तीही असंच काही करत असेल, असं मनात येतं
आणि मी ते काढून टाकतो.
कुणाचं आयुष्य असं फुकट उचलून आणू नये.

एवढंच माहीत आहे:
पट्टीच्या कडेखाली, डिंकात अडकलेला
ग्रीसचा अंगठा.
एकेक रेघ मोजून घ्यावी इतका साफ.

आमच्या गेटवर हजेरीची पेटी आहे.
बारा वर्षं प्लास्टिकचा धागा ओढून
युनूसचा अंगठा गोट्यासारखा गुळगुळीत झालाय.
पेटी म्हणते, पुन्हा प्रयत्न करा.
ठेकेदार म्हणतो, धुऊन ये.
तो राखेने घासतो, लिंबाची फोड लावतो,
पँटीला पुसून पुन्हा टेकवतो, हळूच,
झोपलेल्या लेकराचा ताप पाहावा तसा.
तिसऱ्यांदा नाही जमलं की अर्धा दिवस गेला.
मे महिन्यात असे पाच गेले.
शेठच्या मुलाच्या गाडीचं दार
नुसता हात जवळ नेला की उघडतं.

दिवाळीनंतर नवे माग येणार म्हणतात,
आठांवर एक माणूस.
हा मग भंगारात जाईल,
नाहीतर आमच्याहून स्वस्त एखाद्या गावी.

काल झाकण लावायच्या आधी
युनूसने माझ्याकडे पेन मागितलं.
मला वाटलं, नाव लिहील.
अंगठा चुकवून, तिच्या ओळींखाली
त्याने बारीक अक्षरात लिहिलं:

उजवा बोल्टबी ढिला व्हस.
पाना खाले ठेयेल शे.