दहा मोजेपर्यंत

निव्हेसने बजावलंय :
तो अडला की लगेच शब्द पुरवायचा नाही.
आधी दहा मोजायचे, मनात.
मग हवं तर पहिलं अक्षर, तेही नुसतं ओठांनी.
सबंध शब्द म्हणजे अगदी शेवटचा उपाय.

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली,
एत्सिओची वाक्यं मीच हिसकावून पुरी करत आले.
आता तोंडात पाणी धरल्यासारखी बसते
इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसतात,
टेबलावर चित्रांची गड्डी.

डाव. झाडू. मेणबत्ती.
मेणबत्तीला तो म्हणाला, "रविवार".
निव्हेस हसली नाही, मीही नाही.
तो मात्र हसला,
आणि मग एकदम थांबला.

बिजागरी आली चौथ्या आठवड्यात.
ज्याने अर्ध्या त्रिएस्तेच्या दारांना बिजागऱ्या विकल्या,
ज्याच्या दुकानात नऊशे खण आणि एकावरही चिठ्ठी नाही,
"चिठ्ठी कशाला? मी आहे ना!"
तो त्या चित्राकडे बघत राहिला,
भर रस्त्यात कुणी ओळख न दाखवता निघून जावं तसा.

कुठे असते? दाराला.
काय करते? त्याने पंजा उघडला, मिटला, उघडला.
कशाची असते? पितळ. लोखंड. मग ते... गंज.
तिच्याबरोबर कोण कोण असतं?
चार स्क्रू.
स्क्रू असा सहज आला की त्याचं त्यालाही कळलं नाही.
मग तिचं नाव?
"ती," तो म्हणाला. "तो नाही. ती. ती."

म्हणजे शब्द बाई आहे एवढं त्याला कळत होतं.
कोपऱ्यावर वळताना झग्याची किनार दिसावी
आणि आपण पोचेतो गल्ली रिकामी.

मी टेबलाखाली बोटं मिटत होते.
चार. पाच. शब्द माझ्या दातांशी येऊन उभा.
सहा.
"सात," एत्सिओ म्हणाला. "आठ. नऊ. दहा."
माझ्या ओठांकडे बघत, सफाईने,
गिऱ्हाइकाला वॉशर मोजून द्यावेत तसे.

आकडे शाबूत आहेत. वार आहेत. शिव्या आहेत,
आमच्या बोलीतल्या, खणखणीत, बंदरावरच्या.
निव्हेस म्हणते, त्या मेंदूच्या वेगळ्या खोलीत राहतात.
माझं नाव कुठल्या खोलीत आहे
हे मी तिला अजून विचारलेलं नाही.
मला तो कधी ओनोरिना म्हणतो, ती माझी वारलेली नणंद.
एकदा पक्कड म्हणाला.
चालेल. पक्कडही चालेल.

दुकान वसंतात विकलं.
नव्या पोराने सगळ्या खणांवर चिठ्ठ्या डकवल्यात, छापील.
एत्सिओ बघायला गेला, एकेका ओळीवरून बोट फिरवत.
एका ठिकाणी थबकला.
काही बोलला नाही.
चिठ्ठी नखाने सोडवली, शेजारच्या खणावर लावली,
आणि टोपी घालून बाहेर पडला.
पोराने खण उघडून पाहिला. बरोबर होतं.

काल रात्री बोरा सुटली.
आहे वाराच, पण आमच्याकडे ती बाई.
स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप करकरत होती, आपटत होती.
तो उठला. दिवा न लावता तेलाची बुधली काढली,
दोन थेंब वर, दोन खाली,
झडप हलवून पाहिली, कान लावला.
"ती," म्हणाला.

कोण, ते मी विचारलं नाही.
बिजागरी, झडप, रात्र, बोरा,
की दारात त्याचे लोकरी मोजे घालून उभी असलेली मी.
मोजायला लागले.
सहावर त्याने तेलकट बोट माझ्या ओठांवर ठेवलं.

खाली उतारावरून कुणाचा तरी कचऱ्याचा डबा
गडगडत गेला, थेट समुद्राच्या दिशेने.