पाणी शोधायची पेस्ट

सकाळी सहाला, पंप उघडायच्या आधी
मी पितळी काठीच्या टोकाला बोटभर पिवळी पेस्ट लावतो,
टाकीत सोडतो,
तळाला टेकली की दहापर्यंत मोजतो.
पिवळी राहिली तर बरं.
लाल झाली तर खाली पाणी आहे.

कामाला लागलो त्या दिवशी व्यंकटआप्पा मनले,
मैनोद्दीन, अख्ख्या कळंब तालुक्यात
पाणी लागू नये मनून रोज हात जोडणारा
आता तू एकटाच.
हसलो मी. आमच्या गल्लीचं बोअर नऊशे फुटांवर गेलं होतं,
तीन तास नुसता धुरळा,
मग मशीनवाला चहा पिऊन निघून गेला.

आधी नुसतं पेट्रोल होतं. पाणी शिरलं तरी
मुकाट तळाशी बसायचं, परक्यासारखं.
आता त्यात उसाचं स्पिरिट आहे, शंभरात वीस,
मशीनवर हिरवं पान छापलंय.
स्पिरिटाला पाण्याची ओढ.
पाणी दिसलं की पेट्रोलचा हात सोडून
ते खाली जातं, त्याला मिळतं.
एका रात्रीत टाकीतला संसार मोडतो.

ओढ असणारच म्हणा,
मांजरेचं पाणी पिऊनच वाढलंय ते.

समोरच्या रस्त्यानं दोन तऱ्हेचे टँकर जातात.
एक कारखान्याचा, चकचकीत, मागं आग विझवायचं नळकांडं.
एक पंचायतीचा, गळका, मागं पोरं तांबे घेऊन.
दोन्ही आमच्याकडंच डिझेल भरतात,
दोन्ही ड्रायव्हर एकाच पुडीतली तंबाखू मळतात.
लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली
गाडी बघायला आम्ही स्टेशनात गेलो होतो.
इंजिन काय पितं, हे कुणी विचारलं नाही.

वारं फिरलं की मळीचा वास येतो,
आधी गोड, मग आंबट, मग डोकं धरणारा.
ओढा चहासारखा झाला तेव्हा
कारखान्याचा साहेब मनला, पण शहरातली हवा बघा की किती सुधरंल!
असेल. मी ती हवा घेतलेली नाही.

अंगद परळीचा, माझा शाळासोबती.
बॅटरीची रिक्षा घेतली त्यानं. आवाज नाही,
वाटेतलं कुत्रंसुद्धा उठत नाही.
तुझा धंदा बसला, मैनू, मनतो.
रात्री चार्जिंगला लावतो, सकाळी सीट पुसतो,
फडकं करडं निघतं, थर्मलच्या राखेनं.
मी विचारलं, मग रिक्षाचा धूर गेला कुठं?
बराच वेळ फडकं झटकत राहिला.
सासुरवाडीला, मनला.
त्याची सासुरवाडी राखेच्या तळ्याला लागून आहे.

मार्चात गारा पडल्या. टाकीचं झाकण कुणीतरी नीट लावलं नव्हतं,
बहुतेक मीच.
सकाळी काठी वर आली ती वीतभर लाल.
मी ओरडलो, आप्पा, पाणी लागलं!

समोर हापशावर रांग होती.
सगळ्या बाया एकदम वळल्या.
चतुराबाई तर दोन घागरी घेऊन
रस्ता ओलांडून आलीसुद्धा.
हे दोन शब्द आमच्याकडं
असे मोकळ्यावर ओरडू नयेत.

पंप बंद ठेवला. तळातलं उपसलं, दोन ड्रम भरले.
चतुराबाईनं वाकून वास घेतला.
पिऊ नाही, ते कळलं. लिंबाला तरी चालंल का?
नाही, मावशी.
धुण्याला?
नाही.
मग ह्याला पाणी कशाला मनायचं?

ती परत गेली. रांगेतली जागा गेली होती,
शेवटी उभी राहिली.
ड्रम कुठं रिकामे करायचे, हे आप्पांनाही ठाऊक नव्हतं,
अजून शेडमागं तसेच आहेत.
मी काठी पुसली. बोटाला लाल राहिलंच थोडं,
दुपारी भाकरीला लागलं.